स्टेअरिंगवरचा माझा हात

ती पहिल्यांदा आमच्या मैदानावर आली ती मोटरसायकलवरून, त्यामुळे मला वाटलं, टू-व्हीलरच्या लायसनसाठी आली असेल. सकाळी मैदानाच्या एका अंगाला फक्कीने आखलेल्या आठाच्या आकड्यावर मोटरसायकलवाले पाय न टेकता फिरायचा सराव करत असतात. मी हातानेच तिकडे खूण केली. तिने गाडी स्टँडला लावली, हेल्मेट आरशाला अडकवलं आणि आठाकडे न बघता सरळ माझ्या ट्रेलरकडे चालत आली.

"मोटरसायकलचं लायसन हाय माझ्याकडं," ती म्हणाली. "चारचाकीचं पण हाय. मना हा शिकायचाय."

'हा' म्हणजे आमचा जुना ट्रेलर. पुढे केबिन, मागे चाळीस फुटांचा सांगाडा, त्याच्यावर रिकामा गंजका कंटेनर. तिचा हात केबिनच्या दारावर होता. बाजारात वस्तू पसंत पडल्यावर बायका जसा हात ठेवतात तसा.

मी तेव्हा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये अवजड गाड्यांचा मास्तर होतो; स्कूलमध्ये अजूनही आहे. त्याआधी वीस-एकवीस वर्षं न्हावा शेवा बंदरातून कंटेनर भरून ट्रेलर नेले. मग कमरेचा मणका सरकला, डॉक्टरांनी लांबच्या फेऱ्या बंद करायला सांगितल्या, आणि उरणच्या या स्कूलच्या मालकांनी मला बोलावून घेतलं. काम मला आवडलं. शिकवणं हे चालवण्यापेक्षा अवघड आहे असं मी सगळ्यांना सांगायचो आणि मला ते येतं असं मनातल्या मनात मानायचो.

ती चौतीस-पस्तिशीची असेल. जवळच्याच एका गावची. गावच्या ग्रामपंचायतीची घंटागाडी चालवायची. नवरा एका गोदामात वॉचमन, दोन मुली शाळेत. मी विचारलं, "ताई, ट्रेलरच का? बस शिका. शाळेची बस मिळेल."

"आमच्या शेतावर आता कंटेनर ठेवतात, मास्तर," ती म्हणाली. "लहानपणी मी तिथं भात लावलाय. रोज बांधावरनं जाताना बघते. त्यातला एक तरी मी घेऊन जाईन म्हणते."

मी हसलो. ती हसली नाही.

त्या तुकडीत पाच जण होते आणि त्यांतला एक माझा मुलगा होता. तो चोवीस वर्षांचा. डिप्लोमा झालेला, पण नोकरीत कुठे टिकला नव्हता. खरं सांगायचं तर त्याला करंजाच्या जेटीवर बोटींच्या इंजिनांत हात घालून बसायला आवडायचं, आणि मला ते आवडायचं नाही. दिवसभर तेलात लोळून संध्याकाळी घरी येणारा मुलगा कुणाला सांगायचा? मीच त्याचं नाव तुकडीत घातलं. तो गपचूप आला. माझ्यासमोर तो नेहमी गपचूपच असायचा.

महिनाभराचं शिक्षण असतं. आधी गाडीची ओळख, मग साधा ट्रक, चढावर गाडी उचलणं, अरुंद वळण. तिचं सगळं लवकर बसलं. आरसे बघायची तिची एक सवय होती: डावा आरसा, मग उजवा, मग परत डावा. मी कधी शिकवली नव्हती. घंटागाडीच्या मागेपुढे पोरं धावतात, त्यातून लागली असणार. माझा मुलगा गाडी चालवायचा ती जणू कुणीतरी मागून ढकलतंय अशी. ब्रेक उशिरा, क्लच अर्धवट. मी ओरडलो की आणखी बिघडायचं.

दुसऱ्या आठवड्यात एक ट्रान्सपोर्टवाले शेठ मैदानावर आले. मी पूर्वी त्यांच्याच गाड्यांवर होतो. म्हणाले, "मास्तर, एक ड्रायव्हर पाहिजे. यार्ड ते बंदर, जवळचीच फेरी. नवा चालेल, पण रिव्हर्स पक्का पाहिजे. तुमच्या पोरांची लायसन्स झाली की यार्डात ट्रायल घेऊ. तुम्ही सांगाल तो घेतो."

जवळची फेरी, रोज रात्री घरी. अशी जागा नवख्याला मिळत नाही. त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर तुकडीतले दोघेच आले. एक ती, कारण ती सगळ्यांत चांगली होती. दुसरा माझा मुलगा, कारण तो माझा होता.

पुढे मी जे केलं ते एका दिवसात ठरवून केलं असं नाही. तसं असतं तर कदाचित लाजेने थांबलो असतो.

ट्रेलर मागे घेणं ही या कामातली खरी परीक्षा. साध्या गाडीत स्टेअरिंग ज्या बाजूला फिरवाल त्या बाजूला मागचा भाग जातो. ट्रेलर मधे जोडलेला असतो, त्यामुळे त्याची शेपटी उलटी जाते. वेळेत सावरलं नाही तर केबिन आणि ट्रेलर एकमेकांत दुमडतात. आम्ही त्याला कैची लागणं म्हणतो. कैची लागली की पुढे घेऊन सरळ करण्याशिवाय इलाज नसतो. आणि या सगळ्याला एक साधी युक्ती आहे. मला माझ्या जुन्या उस्तादाने सांगितली होती. स्टेअरिंग वरून धरायचंच नाही. एक हात खाली, अगदी पोटाजवळ धरायचा. मग शेपटी ज्या बाजूला न्यायची त्याच बाजूला तो हात सरकवायचा. डोक्याला उलटसुलट विचार करावा लागत नाही, हातच विचार करतो. शेपटी वळायला लागली की लगेच हात परत आणायचा आणि केबिन तिच्या मागोमाग न्यायची.

मी ही युक्ती प्रत्येक तुकडीला सांगायचो. त्या तुकडीला सांगितली नाही.

मैदानावर तिला म्हणालो, "स्टेअरिंग उलटं फिरवा, ताई. सरावाने येतं." आणि मी शेजारच्या सीटवर बसायचो. ती वरून स्टेअरिंग धरायची, गोंधळायची, आणि वळणाच्या नेमक्या क्षणी मी उजवा हात लांब करून स्टेअरिंगला जरासा लावायचो. चार बोटं, तेवढंच. ट्रेलर खुणेला ठेवलेल्या दोन पिंपांच्या मधे अलगद जाऊन बसायचा. ती आरशात बघत असायची, माझ्या हाताकडे तिचं लक्ष नसायचं. असलं तरी तिला वाटायचं, मास्तर आधार देतायत.

"आलं की, मास्तर!" ती म्हणायची.

"आलं," मी म्हणायचो.

आणि घरी संध्याकाळी मी मुलाला अंगणात बसवून जेवायचं स्टीलचं ताट त्याच्या हातात द्यायचो. "खालून धर. शेपटी उजवीकडे न्यायचीय, हात कुठे?" तो हात उजवीकडे सरकवायचा. "आता सोड. परत आण." बायको ओसरीवरून हसायची, "ताटं वाकवाल." पंधरा दिवस आम्ही ते ताट फिरवलं. त्याच्या हाताला ते बसलं.

लायसनची टेस्ट साध्या ट्रकवर होती. आरटीओच्या साहेबांनी ट्रॅकवर गाडी चालवून घेतली, चढावर थांबवून उचलायला लावली, मागे घ्यायला सांगितली. पाचही जण पास झाले. साहेब तिला म्हणाले, "छान चालवता हो." तिने ते माझ्याकडे बघून ऐकलं. शिष्याने गुरूकडे बघावं तसं. मी नजर काढून रजिस्टरात घातली.

ट्रायल शेठच्या यार्डात झाली. मी दोघांनाही नेलं. फक्त मुलाला नेलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं. यार्डात दोन उभ्या ट्रेलरांच्या मधे एका ट्रेलरची जागा मोकळी होती. त्यात मागे नेऊन लावायचा, एवढंच काम. बघायला सहा-सात ड्रायव्हर जमले होते. बाई ट्रेलर लावणार म्हटल्यावर चहा अर्धा टाकून आले होते.

आधी ती बसली. मी खाली उभा होतो. तिने डावा, उजवा, परत डावा आरसा बघितला आणि गाडी मागे घेतली. दोन्ही हात स्टेअरिंगच्या वर. शेपटी भलतीकडे गेली. तिने घाईने उलटं फिरवलं, ते जास्त झालं. पुढे घेतली, पुन्हा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळी कैची लागली. केबिनचा कोपरा ट्रेलरला टेकायला आला तेव्हा यार्डातल्या सुपरवायझरने पत्र्यावर थापा मारून थांबवलं. कुणीतरी म्हणालं, "घंटागाडी बरी," आणि सगळे हसले.

ती खाली उतरली. चेहरा लाल झाला होता. दुमडलेल्या ट्रेलरकडे तिने थोडा वेळ बघितलं, मग माझ्याकडे आली.

"मास्तर, मैदानावर तर येत व्हतं मना."

आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोललो असेन, पण त्यानंतर मी जे बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणालो, "मैदान वेगळं, यार्ड वेगळं, ताई."

तिने मान हलवली. तिला पटलं. माझं म्हणणं तिला कधीच खोटं वाटलं नव्हतं.

मग माझा मुलगा चढला. त्याने हात खाली धरला आणि दुसऱ्या प्रयत्नात गाडी जागेवर लावली. फार सुरेख नाही, पण लावली. मी त्याच्याकडे बघत होतो आणि तो माझ्याकडे बघत नव्हता. तो तिच्याकडे बघत होता. शेठनी मला बाजूला घेऊन विचारलं, "बाईचं काय?"

"अजून वेळ लागेल त्यांना," मी म्हणालो.

मुलाला काम लागलं. घरी पेढे आणले, स्कूलमध्येही वाटले. ती तिचं प्रमाणपत्र न्यायला आली होती. तिने पेढा घेतला, अर्धा तोडून तोंडात टाकला, अर्धा कागदात बांधला, मुलींसाठी असणार. "पोराचं झालं, बरं झालं," ती म्हणाली. "मी अजून सराव करीन. कुणाचा ट्रेलर मिळतो का बघते." मी म्हणालो, "बघा, बघा." तिला ट्रेलर कोण देणार होतं?

पुढचे तीन महिने मी स्वतःला समजावत राहिलो. बाईमाणसाला बंदराच्या रांगेत तासन् तास उभं राहायचं, जवळपास धड बाथरूम नाही. ड्रायव्हर लोक काय काय बोलतात. तिला त्रासच झाला असता. मी एक प्रकारे तिला वाचवलंच. हे सगळं मी आंघोळ करताना, जेवताना, मैदानावर उभा असताना मनात बोलायचो, आणि इतक्या वेळा बोलावं लागतंय यावरूनच मला कळायला हवं होतं.

एका दुपारी मुलगा पायी घरी आला. ट्रेलर त्याने रस्त्याच्या कडेला लावून किल्ली शेठच्या माणसाकडे दिली होती. तो चपला न काढताच ओसरीवर बसला. डावीकडे वळताना त्याने आरसा बघितला नव्हता. एक मोटरसायकलवाला ट्रेलरच्या कुशीत आला होता. त्या माणसाने मोटरसायकल खड्ड्यात घातली म्हणून वाचला. खरचटलं सुद्धा नाही. मुलगा उतरून त्याच्याकडे गेला तर त्या माणसाने त्याला शिवी दिली नाही, पाणी मागितलं. तेवढ्याने माझा मुलगा मोडला.

"मी परत चढणार नाही, पप्पा."

मी सुरुवात केली, असं प्रत्येकाचं होतं, माझंही झालं होतं. त्याने मला थांबवलं. त्याआधी त्याने मला कधी थांबवलं नव्हतं.

"ती असती तर तिने बघितलं असतं," तो म्हणाला. "दोनदा बघायची ती. तुम्हाला माहीत होतं." मग खाली बघत, "ट्रायलला तिने हात वर धरले तेव्हा मला कळलं. मला वाटत होतं तुम्ही तिला पण सांगितलंय. मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं. मी पण नाही बोललो."

बायको दारात उभी होती. आत गेली आणि त्याच्यासाठी चहा ठेवला. माझ्यासाठी ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या गावाला गेलो. घंटागाडी देवळाजवळच्या वळणावर येते हे विचारून घेतलं होतं. तिने मला बघितलं आणि गाडी थांबवली. तिला वाटलं, मी कुठलं तरी काम घेऊन आलोय. चेहरा उजळला तिचा. तो उजळलेला चेहरा मला सहन होईना म्हणून मी घाईघाईत सगळं बोलून टाकलं. युक्ती, चार बोटं, ताट, शेठना काय सांगितलं ते. रस्त्यावर, बायका कचऱ्याचे डबे घेऊन येत-जात असताना.

तिने मधे दोन डबे रिकामे केले. मग म्हणाली, "म्हणजे मैदानावर लागायचा तो माझ्या हातानं नव्हता लागत?"

"बाकी सगळं तुमच्याच हाताने. वळणावर माझा होता."

"मी घरी रोज सांगायची, मना येतं. पोरींना सांगायची." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "ट्रायलचं ऐकून आमचे हे म्हणाले, तुला वाटत होतं येतं, पण येत नव्हतं. तवापासून मी गाडीवर बसले की मना वाटतं, हे तरी येतंय का?"

मी म्हणालो, "ताई, मला माफ—"

"ते नको," ती म्हणाली. "शिकवा. अर्धं शिकवलंत, ते पुरं करा."

मी म्हटलं, रविवारी येतो. ती म्हणाली, "रविवारी नाय, रोज. दुपारी दोनला माझी गाडी धुऊन होते. आणि एक. तुमी आत बसायचं नाय. खाली उभं राहायचं."

मी स्कूलच्या मालकांना खरं सांगून दुपारचा ट्रेलर मागून घेतला. ते माझ्यावर चिडले, इतकी वर्षं कमावलेलं नाव असं घालवतात का म्हणाले, आणि गाडीची चावी टेबलावर आपटून दिली. दुपारी ती आली. मी खाली उभा राहून सांगितलं, हात खाली धरा, शेपटी जिकडे न्यायची तिकडे सरकवा, वळायला लागली की परत आणा. पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदा थोडं चुकलं. अर्ध्या तासात ट्रेलर दोन पिंपांच्या मधे सरळ जाऊन उभा राहिला. मी वीस पावलांवर होतो.

तिने इंजिन बंद केलं. मग उतरून माझ्यासमोर आली.

"एवढंच?"

"एवढंच."

"एवढंच नाय सांगितलंत?"

तिने उत्तराची वाट बघितली नाही. परत चढली आणि अंधार पडेपर्यंत तेच करत राहिली. बारा दिवस आली. पहिला दिवस सोडला तर कामापलीकडे एक शब्द बोलली नाही.

मी शेठकडेही गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमच्या पोराच्या जागी दुसरा घेतला, मास्तर. आता मला सांगून काय उपयोग?" बरोबर होतं त्यांचं. तरी मी त्यांना म्हणालो, कुणी विचारलं तर बाईबद्दल मी जे सांगितलं ते खोटं होतं एवढं सांगा. ते हसले. पण पुढे त्यांनी ते सांगितलं असावं, कारण सात-आठ महिन्यांनी एका दुसऱ्या यार्डातून मला फोन आला की अशी अशी एक बाई आहे, तुमच्याकडे शिकलीय, कशी आहे? मी म्हणालो, "मी आजवर शिकवलेल्यांत तिच्याइतकं चांगलं कुणी नाही. शिकवण्यात मी चुकलो, तिच्यात काही कमी नव्हतं." पलीकडचा माणूस जरा गोंधळला. ट्रायल घेतली आणि तिला ठेवून घेतलं.

ते सात-आठ महिने मात्र तिचे गेले ते गेले. मधेच घंटागाडीचं कंत्राट संपलं होतं, आणि ती एका मासळीच्या शेडमध्ये बर्फात हात घालून कोळंबी सोलत होती, हे मला नंतर कळलं. ज्या हातांनी ती ट्रेलर चालवायला निघाली होती त्या हातांना बर्फाने भेगा पडल्या होत्या, असं तिच्या शेजारणीने सांगितलं. ती स्वतः माझ्याकडे कधी बोलली नाही.

मुलगा करंजाच्या जेटीवर इंजिनं दुरुस्त करतो. त्याच्याकडे आता लोक नाव घेऊन येतात. संध्याकाळी तेलाने माखून येतो आणि जेवताना बोलतो, पूर्वीपेक्षा खूप बोलतो. एकदा मी त्याला विचारलं, तुला माझा राग येतो का? म्हणाला, "तुमचा येतो, माझा पण येतो." आणि ताटात भात वाढून घेतला.

गेल्या वर्षी तिच्या गावच्या दोन मुली स्कूलमध्ये नाव घालायला आल्या. ट्रेलर शिकायचाय म्हणाल्या. तिनेच पाठवलं होतं. मला इतका आनंद झाला की मी लगेच त्यांना गाडी दाखवायला निघालो. तेव्हा मालकांनी मला हाक मारून आत बोलावलं. दार लोटलं आणि जरा खाकरले.

"त्या बाईंचा फोन आला होता," ते म्हणाले. "मुलींना दुसऱ्या मास्तरांकडे द्या म्हणाल्या."

मी म्हणालो, बरोबर आहे. ते म्हणाले, मनाला लावून घेऊ नका. मी म्हणालो, नाही.

आता आमच्याकडे दुसरा मास्तर आहे, माझ्यापेक्षा वयाने बराच लहान. तो त्या दोघींना सकाळी शिकवतो. मी मोटरसायकलवाल्यांचं बघतो. पहिल्याच दिवशी मी त्याला बाजूला घेऊन ती युक्ती सांगायला गेलो, तर तो म्हणाला, "त्यांना सांगितली ना मास्तर, सकाळीच."